टॅग फायर होतोय, मग जीए फोरमध्ये ऑर्डरी कमी का? (जरा मोठं उत्तर)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं प्लगिन) लोणची-मसाल्यांचं दुकान आहे, गेल्या आठवड्यात ११२ ऑर्डरी आल्या, जीए फोरमध्ये (गुगल ॲनालिटिक्स ४, वेबसाइटवरची हालचाल मोजणारं साधन) पर्चेस, म्हणजे खरेदीच्या नोंदी, ८१ दिसतात, गुगल ॲड्स म्हणतं ३८ माझ्यामुळे, मेटा (फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती) म्हणतं ६४ माझ्यामुळे. टॅग मॅनेजरच्या (टॅग, म्हणजे जीएला किंवा जाहिरातींना माहिती पाठवणारे कोडचे तुकडे, सांभाळणारं गुगलचं साधन) प्रिव्ह्यूमध्ये, म्हणजे चाचणीच्या मोडमध्ये, पर्चेस टॅग फायर झालेला, म्हणजे चाललेला, दिसतोय आणि टॅग लावून देणारा म्हणतो माझ्याकडून सगळं ओके. मग खरा आकडा कोणता आणि बिघाड कुठे, हे तुम्ही विचारलंय.

इथे दोन वेगळी भांडणं एकत्र झालीत, ती आधी सोडवू. ११२ आणि ८१ मधला फरक हा ट्रॅकिंगचा प्रश्न आहे. ३८ आणि ६४ मिळून १०२ होतात आणि ते ८१ पेक्षा जास्त कसे, हा बहुतेक करून ट्रॅकिंगचा प्रश्नच नाही, तो श्रेय कोणाला द्यायचं याचा प्रश्न आहे. समजा एखाद्या बाईंनी सोमवारी इन्स्टावर तुमची जाहिरात बघितली, मंगळवारी गुगलवर शोधून जाहिरातीवर क्लिक केलं आणि ऑर्डर दिली, तर ती एकच ऑर्डर मेटाही मोजणार आणि गुगल ॲड्सही मोजणार, कारण दोघांना एकमेकांचं काही माहीत नसतं. मेटाचं डिफॉल्ट सेटिंग क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यावर १ दिवस असं आहे, म्हणजे क्लिक न करता घेतलेली ऑर्डरसुद्धा त्यात येते. त्यात गुगल ॲड्स कन्व्हर्जन (जाहिरातीमुळे झालेली ऑर्डर) धरतं ते क्लिकच्या तारखेला आणि जीए फोर धरतं ते ऑर्डरच्या तारखेला, त्यामुळे आठवड्याच्या कडेला पडलेल्या ऑर्डरी इकडच्या तिकडे होतात. म्हणून या दोघांची बेरीज करून ती कशाशीच जुळवायला जाऊ नका, ती कधीच जुळणार नाही. यात खरी दुबार मोजणी पण लपलेली असू शकते, त्याचं पुढे सांगते.

आता ११२ कडे. सगळ्यात आधी हे बघा की ११२ हा आकडा नक्की कशाचा आहे. वूकॉमर्सच्या यादीत पेमेंट पेंडिंग, फेल्ड, कॅन्सल्ड सगळं एकाखाली एक दिसतं आणि बरेच लोक वरचा एकूण आकडा उचलतात. प्रोसेसिंग, कम्प्लिटेड आणि सीओडीच्या (कॅश ऑन डिलिव्हरी) ऑर्डरी एवढ्याच धरा. दुसरं म्हणजे जीए फोरच्या प्रॉपर्टीचा टाइम झोन, ॲडमिनमध्ये प्रॉपर्टी डिटेल्सला असतो, तो कुणी तयार करताना बदलला नसेल तर अमेरिकेचा राहिलेला असतो आणि मग तुमचा रविवार आणि जीएचा रविवार वेगळा. आणि कालचा दिवस आज जुळवायला बसू नका, रिपोर्टमध्ये डेटा पूर्ण यायला २४ ते ४८ तास लागतात, दोन दिवस जुना आठवडा घ्या. एवढं केल्यावर कधीकधी अर्धा फरक तिथेच गळून पडतो. तुमचा किती गळेल ते तुमच्या फेल्ड ऑर्डरींवर अवलंबून आहे, ते मला इथून सांगता येणार नाही.

उरलेल्या फरकासाठी मुळात प्रिव्ह्यू काय दाखवतो ते समजून घ्या, कारण सगळी गफलत इथे होते. एका पर्चेसचा प्रवास असा असतो: थँक्यू पेज उघडतं, वेबसाइट डेटा लेअरमध्ये (टॅग मॅनेजरला वाचता येईल अशी पानावरची माहितीची जागा) ऑर्डरची माहिती टाकते, टॅग मॅनेजर ती उचलून टॅग चालवतो, ब्राउझर गुगलकडे रिक्वेस्ट पाठवतो, गुगल ती घेऊन तपासतं आणि मग रिपोर्टमध्ये आकडा येतो. प्रिव्ह्यूमधलं ‘फायर्ड’ हे यातल्या तिसऱ्या टप्प्याबद्दल बोलतं. तुम्ही रोज पार्सलं पाठवता, तर कुरिअरवाल्याने पिकअप केलं एवढ्यावर गिऱ्हाइकाला मिळालं असं तुम्ही म्हणत नाही, तसंच हे. शिवाय प्रिव्ह्यू तुमच्या वर्कस्पेसमधला कच्चा ड्राफ्ट चालवून दाखवतो. काल केलेला बदल पब्लिश करायचा राहिला असेल तर प्रिव्ह्यूमध्ये सगळं हिरवंगार आणि लाइव्ह साइटवर जुनंच काहीतरी चालू, हे मी इतक्यांदा बघितलंय की कुणीही फोन केला की माझा पहिला प्रश्न ‘व्हर्जन पब्लिश केलं का’ हाच असतो.

त्यामुळे मी टेस्ट करते ती प्रिव्ह्यू बंद ठेवून, इन्कॉग्निटो विंडोत, गिऱ्हाईक जसं येईल तसं. कॉम्प्युटरवर एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, प्रिझर्व्ह लॉगवर टिक करा (नाहीतर पान बदललं की आधीच्या रिक्वेस्ट पुसल्या जातात), फिल्टरमध्ये कलेक्ट (collect) असं टाइप करा आणि ऑर्डर पूर्ण करा. जीएला जाणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टच्या पत्त्यात कलेक्ट हा शब्द असतो. पर्चेस नावाचा इव्हेंट (नोंदलेली घटना) असलेली रिक्वेस्ट शोधा, वर दिसली नाही तर पेलोडमध्ये (रिक्वेस्टच्या आतल्या माहितीत) बघा, कारण जीए फोर बऱ्याचदा दोन-चार इव्हेंट गोळा करून एकदम पाठवतं. सापडली की चार गोष्टी वाचायच्या: मेजरमेंट आयडी (तुमच्या जीएची ओळख) तुमचाच आहे का, ट्रान्झॅक्शन आयडीत वूकॉमर्सचा ऑर्डर नंबर आहे का, करन्सी आयएनआर आहे का, आणि व्हॅल्यू नुसता आकडा आहे का. रिक्वेस्टपुढे २०४ (रिक्वेस्ट पोचली असं सांगणारा कोड) दिसलं म्हणून खूश होऊ नका, आत काय भरलंय याच्याशी त्याचा संबंध नाही, चुकीच्या माहितीलाही २०४ येतं. आत काय पोचलं ते बघायला जीए फोरच्या ॲडमिनमध्ये डीबग व्ह्यू आहे. त्यासाठी मात्र प्रिव्ह्यू चालू करून आणखी एक ऑर्डर टाकावी लागेल, कारण तिथे फक्त डीबग मोडमधला ट्रॅफिक दिसतो.

यात सगळ्यात जास्त दगा देणारी गोष्ट म्हणजे ट्रान्झॅक्शन आयडी, आणि तुमच्या केसमध्ये माझा एक संशय तिथेच आहे. जीए फोर एकाच ट्रान्झॅक्शन आयडीचे दोन पर्चेस एकच धरतं, हे चांगलंच आहे. पण तो आयडी रिकामा गेला, म्हणजे पॅरामीटर (माहितीचा रकाना) आहे पण आत काहीच नाही, तर जीए सगळ्या रिकाम्या आयडीवाल्या ऑर्डरींना एकच समजून गाळून टाकतं, हे गुगलने स्वतः डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवलंय. आमच्याकडच्या एका कपड्यांच्या साइटवर थीम अपडेट झाल्यानंतर लॉगिन न करता घेतलेल्या ऑर्डरींचा नंबर डेटा लेअरमध्ये यायचा बंद झाला होता, लॉगिनवाल्यांचा बरोबर येत होता. ज्याने टेस्ट केली तो ॲडमिन म्हणून लॉगिन होता, त्यामुळे त्याला प्रत्येक वेळी सगळं ठीकच दिसायचं! म्हणून टेस्ट लॉगआउट होऊन, नवीन गिऱ्हाईक म्हणून करा.

व्हॅल्यूचं पण तसंच. डेटा लेअरमध्ये रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविरामासकट ‘₹१,२९९’ असा मजकूर जात असेल तर ऑर्डरची संख्या बरोबर येईल पण रेव्हेन्यू शून्य किंवा भलताच येईल. व्हॅल्यू पाठवून करन्सी पाठवली नाही तरी रेव्हेन्यूचा हिशोब बसत नाही. आणि डेव्हलपरला सांगा की प्रत्येक ईकॉमर्स इव्हेंटच्या आधी डेटा लेअरमधला ईकॉमर्स ऑब्जेक्ट नल (रिकामा) करून घ्यायचा, नाहीतर आधीच्या पानावरचे आयटम पुढच्या इव्हेंटला चिकटून येतात.

आता मुख्य मुद्दा, यूपीआय. बाहेरच्या देशातले ट्रॅकिंगचे व्हिडिओ आणि लेख बघून आपण शिकतो त्यात हा प्रकार कुठेच येत नाही, पण आपल्याकडच्या दुकानांचं निम्मं दुखणं इथेच असतं असा माझा अनुभव आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर ऑर्डर देतं, पेमेंट गेटवे (साइटसाठी पैसे स्वीकारणारी सेवा) त्याला यूपीआय ॲपमध्ये पाठवतो, तिथे पिन टाकला, पैसे गेले, हिरवी टिक आली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने काम झालं, ते ॲप बंद करून पोळ्या लाटायला जातं. ब्राउझरमध्ये परत आलंच नाही तर थँक्यू पेज उघडलंच नाही. इकडे गेटवेने वेबहुकवरून (सर्व्हरकडून सर्व्हरला जाणारा निरोप) वूकॉमर्सला थेट कळवलं की पैसे आले, ऑर्डर प्रोसेसिंगला गेली, तुम्ही बरणी पॅक करून पाठवलीही. जीएला मात्र या ऑर्डरची काही खबर नाही, कारण त्याचा टॅग थँक्यू पेजवर बसलाय. कमी रॅमच्या फोनवर तर गिऱ्हाईक परत आलं तरी ब्राउझरने मधल्या काळात टॅब मारलेला असतो, इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये तो प्रकार आणखी जास्त. यात टॅगचा काहीच दोष नाही, टॅग ओके आहे असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नाहीये, त्याने फक्त गिऱ्हाईक ज्या रस्त्याने येतं तो रस्ता तपासलेला नाही.

आणि टेस्ट करणारे नेमका हाच रस्ता चुकवतात. शंभर टक्के सवलतीचं कूपन टाकून टेस्ट ऑर्डर काढली की रक्कम शून्य होते आणि गेटवे मधे येतच नाही, सरळ थँक्यू पेज. गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये खरं यूपीआय ॲप उघडत नाही. लॅपटॉपवर कार्डाने केलं तर तो वेगळाच प्रवास. म्हणून मी सांगते की अगदी कमी किमतीचं एक लपवलेलं प्रॉडक्ट बनवा, कॅटलॉगमध्ये न दिसणारं, आणि खऱ्या अँड्रॉइड फोनवरून, मोबाइल डेटावर, यूपीआयने खरे पैसे भरून ऑर्डर करा. एकदा ॲपमधून नीट परत या, एकदा मुद्दाम परत येऊ नका. मग एकदा सीओडी, एकदा कार्ड, आणि एकदा आयफोनवर सफारीतून. फोन केबलने लॅपटॉपला जोडून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनमधलं नेटवर्क टॅब लॅपटॉपवर बघता येतं, फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं, एवढंच. हे झालं की त्या टेस्ट ऑर्डरी रिफंड करा आणि त्यांचे नंबर कुठेतरी लिहून ठेवा, जीएमधून त्या आपोआप जात नाहीत.

पण टेस्ट ऑर्डरींनी शक्यता कळतात, तुमच्या ११२ मधल्या नेमक्या कुठल्या हरवल्या ते कळत नाही. त्यासाठी याद्या लावा, आणि माझं ऐकाल तर बाकी काही करण्याआधी हेच करा. वूकॉमर्समधून आठवड्याच्या ऑर्डरी एक्स्पोर्ट करा: नंबर, वेळ, पेमेंटचा प्रकार, जमलं तर मोबाइल की डेस्कटॉप. जीए फोरच्या एक्सप्लोअरमध्ये फ्री फॉर्म घेऊन डायमेन्शनला ट्रान्झॅक्शन आयडी आणि मेट्रिकला ईकॉमर्स पर्चेसेस लावा, तेवढीच तारीख घेऊन ती यादी उतरवा. एक्सेलमध्ये व्हीलुकअप (दोन याद्या जुळवणारं सूत्र) मारा. प्रत्येक ऑर्डरपुढे एक तर जीएमधलं उत्तर येईल किंवा येणार नाही. आता न आलेल्यांकडे बघा की त्यांच्यात सारखं काय आहे. सगळ्या यूपीआय आणि मोबाइल? मग वर सांगितलेलं परत न येणं. सीओडीसुद्धा त्याच प्रमाणात गायब? मग यूपीआयला दोष देऊ नका, सीओडीत गिऱ्हाईक साइटच्या बाहेर जातच नाही, म्हणजे टॅग किंवा थँक्यू पेजच गडबडीत आहे. अमुक तारखेनंतरच गायब व्हायला लागल्या? त्या दिवशी कुठलं प्लगिन किंवा थीम अपडेट झाली ते शोधा. जीएच्या यादीत रिकाम्या आयडीची एखादी ओळ दिसली, तर माझा आधीचा संशय खरा. आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत बसलेल्या लोकांना दोन-दोन महिने जे सापडत नाही ते या यादीत एका दुपारी दिसतं, कारण प्रत्येक हरवलेल्या ऑर्डरला नंबर आहे, वेळ आहे आणि तुम्ही तिचा माग काढू शकता.

सीओडी पण गायब निघाल्या तर मी दोन ठिकाणी आधी बघेन. एक, स्पीड वाढवणारं कॅशिंग प्लगिन. त्यात जावास्क्रिप्ट उशिरा चालवायचं सेटिंग असतं, म्हणजे गिऱ्हाईक स्क्रोल किंवा टॅप करेपर्यंत टॅग मॅनेजर लोडच होत नाही. थँक्यू पेजवर कोण स्क्रोल करतंय, ऑर्डर नंबर बघितला की लोक पान बंद करतात. टॅग मॅनेजरची स्क्रिप्ट त्या सेटिंगमधून वगळा आणि थँक्यू पेज कॅशिंगमधून वगळा. दोन, कुकी बॅनर लावला असेल तर कन्सेंट मोड (गिऱ्हाइकाच्या परवानगीप्रमाणे टॅग वागवणारी गुगलची सोय). नेटवर्कमधल्या त्याच कलेक्ट रिक्वेस्टमध्ये जीसीएस (gcs) नावाचा पॅरामीटर असतो, तिथे जी१११ (G111) असेल तर जाहिरात आणि मोजणी अशा दोन्ही परवानग्या आहेत, जी१०० (G100) असेल तर दोन्ही नाहीत आणि ती ऑर्डर तुम्हाला नेहमीसारखी दिसणार नाही. बॅनरवर ‘स्वीकारा’ दाबल्यानंतर हा बदलतो का तेवढं बघा. गिऱ्हाइकाने नाही म्हटलं असेल तर मात्र ते नाहीच राहू द्या, त्याच्यावर पळवाटा शोधू नका.

आता दुबार मोजणी. वूकॉमर्सवर हमखास असं असतं की कुणीतरी आधी प्लगिनने पिक्सेल (मेटाचा टॅग) लावलेला, मग थीमच्या हेडरमध्ये कोड चिकटवलेला, मग तिसऱ्याने टॅग मॅनेजर आणला, आणि आधीचं कुणीच काढलं नाही. नेटवर्कमध्ये मोजा, एका ऑर्डरला जीएची पर्चेस एकदाच जातेय का, मेटाची पर्चेस एकदाच जातेय का. जीएमध्ये ट्रान्झॅक्शन आयडी वाचवून नेतो, मेटामध्ये तसं होत नाही. मेटाला ब्राउझरमधून पिक्सेल आणि सर्व्हरवरून कन्व्हर्जन्स एपीआय असं दोन्हीकडून जात असेल तर दोन्हींत इव्हेंटचं नाव आणि इव्हेंट आयडी सारखा असला की ते एक धरलं जातं. इव्हेंट्स मॅनेजरमध्ये टेस्ट इव्हेंट्स म्हणून टॅब आहे, तिथे तुमची एक ऑर्डर दोनदा आली आणि एक डीडुप्लिकेट झाली (दुबार म्हणून वगळली) असं दिसलं पाहिजे. तुमचे ६४ बघता हे तपासाच. गुगल ॲड्सच्या कन्व्हर्जन टॅगमध्ये पण ट्रान्झॅक्शन आयडीची जागा आहे, ती बहुतेक जण रिकामी सोडतात, मग गिऱ्हाइकाने थँक्यू पेज रिफ्रेश केलं की आणखी एक कन्व्हर्जन.

सोर्सचं एक तपासा, कारण यादी जुळली तरी जाहिरातींचा हिशोब इथे बिघडतो. जीए फोरमध्ये ट्रॅफिक सोर्समध्ये तुमच्या गेटवेचं किंवा बँकेच्या ओटीपी पानाचं नाव रेफरल म्हणून, म्हणजे गिऱ्हाईक तिथून आलं असं, दिसतंय का? दिसत असेल तर ऑर्डरीचं श्रेय त्याला चाललंय. डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंग्जमध्ये नको असलेल्या रेफरलची यादी असते, त्यात ती डोमेन टाका. आणि तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे जीक्लिड (gclid, गुगल ॲड्सच्या क्लिकची खूण) पॅरामीटर म्हणून काहीही खोटी व्हॅल्यू लावून उघडून बघा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पत्त्यांनी. रिडायरेक्ट होताना तो पॅरामीटर गळून पडला तर गुगल ॲड्सला क्लिक आणि ऑर्डर जोडता येणार नाहीत.

किती फरक चालेल, हे तुम्ही विचारलेलं नाहीत पण विचारणार. शून्य फरक कधीच होणार नाही. ॲड ब्लॉकर आहेत, ब्रेव्हसारखे ब्राउझर आहेत. सफारी जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांत पुसतं, त्याने ऑर्डर हरवत नाही पण जुनं गिऱ्हाईक नवीन दिसतं. नुसत्या ब्राउझरवरच्या ट्रॅकिंगमध्ये दर दहा ऑर्डरींमागे एखादी कमी दिसली तर मी त्याच्यामागे वेळ घालवत नाही, फक्त ते प्रमाण आठवड्यामागून आठवडा तेच राहतंय का एवढं बघते. तुमचं आत्ता दर चारांमागे एकापेक्षा जास्त आहे, हे शोधण्यासारखं आहे. शिवाय जाहिरातींचं बिडिंग (आपोआप बोली लावणं) याच आकड्यांवर शिकतं, यूपीआयवाली मोबाइल गिऱ्हाइकं त्याला दिसलीच नाहीत तर ते पैसे दुसरीकडे ओतत राहणार, त्यामुळे हा नुसता रिपोर्ट सुंदर दिसण्याचा मामला नाही.

याद्यांतून यूपीआयचं परत न येणं हेच मुख्य कारण निघालं तर टॅगमध्ये कितीही खटपट करून उपयोग नाही, पर्चेस सर्व्हरवरून पाठवावी लागेल. चेकआउटच्या वेळी जीएच्या कुकीमधला क्लायंट आयडी (ब्राउझरची ओळख) आणि सेशन आयडी (त्या भेटीची ओळख) ऑर्डरसोबत साठवायचा, आणि ऑर्डर प्रोसेसिंगला गेली की मेजरमेंट प्रोटोकॉलने (सर्व्हरवरून जीएला इव्हेंट पाठवायची सोय) त्याच ट्रान्झॅक्शन आयडीसकट पर्चेस पाठवायची. थँक्यू पेजवरचा टॅग मी तेव्हा पर्चेससाठी बंद करते, दोन दारं उघडी ठेवत नाही. डेव्हलपरला एवढं सांगून ठेवा की मेजरमेंट प्रोटोकॉल चुकीचा डेटा दिला तरी तक्रार करत नाही, यशस्वीच म्हणतो, त्यामुळे आधी त्याच्या डीबगच्या पत्त्यावर पाठवून तपासायचं. आणि इव्हेंट ७२ तासांच्या आत जायला हवा. खर्च किती येईल ते डेव्हलपरवर आहे, पण त्याला काम सांगण्याआधी यादी हातात असू द्या, नाहीतर तो सर्व्हरचं मोठं काम करून ठेवेल आणि मूळ भानगड कॅशिंग प्लगिनमध्ये निघेल.

तर आधी ती यादी लावा, आणि यूपीआय, कार्ड, सीओडी असं वेगवेगळं करून कशातल्या किती गायब आहेत ते इथे टाका, ऑर्डर नंबर आणि गिऱ्हाइकांची नावं काढून. जीएच्या यादीत रिकाम्या आयडीची ओळ आहे की नाही ते पण लिहा, म्हणजे सर्व्हरवर जायचं की आहे तेच दुरुस्त करायचं ते सांगता येईल.